तुम्ही विचारलेत म्हणून : निकाल न लागलेल्या रुग्णांविषयी

सॉफ्टवेअर एका ओळीच्या आज्ञेवर मृत्युदर काढून देते, मग तुम्हाला इतका वेळ का लागतो, असे तुम्ही विचारता. ती ओळ मलाही येते. वेळ लागतो तो छेदात कोणाला धरायचे हे ठरवण्यात.

समजा, यादीत १०० रुग्ण आहेत. १० दगावले, ५० बरे झाले आणि ४० अजून उपचार घेत आहेत. सर्वांना धरले तर १० टक्के, निकाल लागलेल्यांनाच धरले तर जवळजवळ १७. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दगावलेल्याला १, बऱ्या झालेल्याला ० आणि निकाल न लागलेल्याला रिकामी नोंद देऊन सरासरी काढताना एकही नोंद रिकामी असली, तरी उत्तर रिकामेच येते, रिकाम्या नोंदी वगळायला सांगितल्या, की ते निमूटपणे १७ देते आणि त्या ४० जणांचा मागमूस उरत नाही.

एका साथीच्या ऐन भरातली बैठक मला अजून सलते. मी दिलेल्या तक्त्यात दोन्ही प्रमाणे होती आणि ‘निकाल प्रलंबित’ असा वेगळा रकाना होता. पडद्यावर आला तेव्हा तो रकाना गायब होता, ‘गोंधळ नको म्हणून’ काढलेला, आणि वाचून दाखवले गेले ते फक्त कमी असलेले प्रमाण. मी उठून म्हणालो की आजार जराही बळावला नाही, तरी हा आकडा चढणार आहे. “म्हणजे नेमका आकडा तुम्हाला माहीत नाही, असेच ना?” असे अध्यक्षांनी विचारले आणि सभागृह हसले. पुढे आकडा चढला, तेव्हा त्याच मंडळींनी मला विचारले, विषाणू बदलला का? वास्तविक २००३ च्या सार्स साथीतही सुरुवातीचे अंदाज कमी होते. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने ते १४ ते १५ टक्क्यांवर नेले, कारण दरम्यान अधिक रुग्णांचे निकाल हाती आले होते.

तरीही मोठा आकडा खरा, असे मी म्हणत नाही. मृत्यू लवकर आणि बरे होणे उशिरा नोंदले जात असेल, तर तोही फुगलेलाच असतो. निकाल लागेपर्यंत आकडाच देऊ नये, असे मी पूर्वी ठामपणे म्हणत असे. पण खाटांची सोय करणाऱ्याला तो आजच हवा असतो, हे त्या मताला कधी उमगलेच नव्हते. आता मी दोन्ही प्रमाणे आणि प्रलंबितांची संख्या एकाच वाक्यात लिहितो, म्हणजे रकाना काढला तरी ते वाक्य उरेल. वाचणारा त्यातूनही एकच आकडा उचलतो, आणि तो कोणता उचलावा हे मी सांगायला हवे की नाही, यावर माझे माझ्याशीच अजून एकमत झालेले नाही.