गैरहजर

२ सप्टेंबर, रात्री साडेअकरा

आज दुपारी ऑगस्टच्या हजेरीचा मेल आला. त्यात १४ आणि १६ या दोन तारखांपुढे माझ्या नावावर ‘गैरहजर’ असे लिहिले होते आणि मधली १५ तारीख सुट्टीची म्हणून कोरी होती. त्या तिन्ही दिवशी मी ठाण्याच्या स्टोअरमध्ये सेलसाठी उभी होते, तेलाचे खोके फोडून कॅन रॅकवर लावत होते, तूरडाळीच्या पाकिटांवरचे चुकलेले भाव बदलत होते. ऑफिसचे कार्ड तिथल्या यंत्रावर चालत नाही आणि आऊट-ड्यूटीचा, म्हणजे ऑफिसबाहेर कामावर होते असे कळवणारा अर्ज मुदतीत भरायचा माझ्याकडून राहिला. नियम मला ठाऊक होता, त्यामुळे दोन रजा कापल्या गेल्या याचे मला फारसे वाटले नाही. तो शब्द मात्र संध्याकाळपासून मनातून जात नाही. लोकलमध्ये तोच आठवत होता, भात लावताना तोच. पाय सुजेपर्यंत जिथे उभे राहिलो, तिथे आपण नव्हतोच असे कागदावर लिहिलेले वाचणे फार लागते.

जेवणानंतर मी महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा उघडून बसले. कायदा झाला तेव्हा त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट वेतन अशा तरतुदी होत्या. वाचताना धीर येत होता. मग दिसले की व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागूच नाही. माझ्या कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ आहे. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही. पुरवठादारांच्या बिलांतले फरक मीच शोधते, कोणत्या स्टोअरमधला माल संपला याचा तक्ता मीच रोज सकाळी भरते. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहावे असे न्यायालयांनी कामगार कायद्यांच्या संदर्भात अनेकदा म्हटले आहे, पण दोन रजांसाठी तिथवर कोण जाणार? हे पद मिळाले तेव्हा आईने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले होते. त्याविषयी आज लिहिणार नाही. दहीहंडीला घरी नव्हते, त्याविषयीही नाही.

पुन्हा तोच शब्द. तो इतका का लागला, याचा विचार करताना १४ तारखेची संध्याकाळ आठवली. तीन नंबरच्या काउंटरवरची मुलगी सकाळी दहापासून उभी होती. तिच्या काउंटरमागे स्टूल नव्हते, कोणत्याच काउंटरमागे नव्हते. पाचच्या सुमारास गर्दी थोडी ओसरली तेव्हा तिने दुधाचा निळा क्रेट पालथा घातला, त्यावर पुठ्ठा टाकला आणि मला म्हणाली, “मॅडम, तुम्ही बसा. तुम्हाला सवय नसेल.” मी बसले. ती बसली नाही, कारण पुढचे गिऱ्हाईक आले होते, आणि मीही तिला नंतर बसायला सांगितले नाही.

दुकानात उभे राहून काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्यावी, असा बदल केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपल्या कायद्यात केला. ही बातमी मी त्या वेळी वाचली होती, बरे झाले असे म्हटले होते आणि विसरले होते. ऑफिसमधली माझी खुर्ची मात्र पाठीची तक्रार केल्यावर आठवड्यात बदलून मिळाली. आमच्याकडे तक्ते भरणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच काउंटरच्या मागे काय असते हे ठाऊक असते, कारण तिथल्या प्रत्येक फुटाचा हिशेब आम्हीच करतो. च्युइंगमचा स्टँड ठेवायला तिथे जागा निघाली होती. ती जागा काढणाऱ्यांत मी होते.

हे लिहिल्यावर मन जरा शांत झाले. माझी हजेरी लागायला हवी, हे मी सोडणार नाही. ती माझी आहे. आत्ताच उशिराचा अर्ज भरला आणि कारणाच्या रकान्यात तिन्ही तारखा व सकाळी नऊ ते रात्री दहा ही वेळ लिहिली. मंजूर झाला तर ठीक, नाही झाला तर तेही सोसेन. दुसरा एक मेल लिहून ठेवला आहे, काउंटरमागे स्टूल ठेवण्यासाठी लागणाऱ्या जागेच्या मापांसह. स्टँड हलवला तर स्टूल बसते. तो कोणाच्या नावे पाठवायचा, हे उद्या सरांना विचारीन.