ग्लुकोजवर बुरशी फोफावली, पण सेल्युलेज?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी ट्रायकोडर्मा रीसाय घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या सुती कापडाचा फडशा पाडणारी हीच ती बुरशी. कापसासारख्या तंतूंमधलं सेल्युलोज तोडून त्याची साखर करणारं तिचं एन्झाइम म्हणजे सेल्युलेज. खाद्य बदललं की ते किती बदलतं, एवढंच मला पाहायचं होतं.

माध्यम तेच, फक्त कार्बनचा स्रोत वेगळा: ग्लुकोज, लॅक्टोज आणि सेल्युलोजची पूड. सगळे फ्लास्क २८ अंशांवर शेकरवर, म्हणजे ते सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर. ग्लुकोजमध्ये बघता बघता दाट वाढ झाली. सेल्युलोजच्या फ्लास्कमध्ये मात्र सुरुवातीला नुसतं गढूळ पाणी. पण शेवटी एन्झाइम सर्वांत जास्त मिळालं ते तिथेच. आयतं ग्लुकोज असेपर्यंत क्रे१ हे प्रथिन सेल्युलेजची जनुकं दाबून ठेवतं. सेल्युलोज तर पाण्यात विरघळतही नाही, पेशीत जाणार कसं? थोडंसं एन्झाइम बुरशी कायम बाहेर सोडत असते. त्यातून सुटलेल्या लहान शर्करा आत पोचल्या की मग खरं उत्पादन सुरू होतं. पुस्तकात वाचलेलं हे डोळ्यांसमोर घडताना पाहणं फार वेगळं असतं!

मोजमाप मात्र कस पाहणारं निघालं. एन्झाइमने सेल्युलोजमधून किती साखर सोडवली, यावरून ते किती आहे हे कळतं. डीएनएस हे साखर ओळखणारं रसायन घालून नळी उकळली की पिवळा रंग तांबूस-तपकिरी होतो आणि तो किती गडद आहे याचं ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचन घ्यायचं. पण डीएनएसला साखर कुठून आली याच्याशी देणंघेणं नसतं. उरलेलं ग्लुकोज, लॅक्टोज, दोन्ही रंग देतात. एन्झाइम नसलं तरी नळी गडद होते. म्हणून प्रत्येक नमुन्याचा एक भाग आधी उकळून एन्झाइम निकामी करायचं आणि त्याचं वाचन मूळ वाचनातून वजा करायचं. काम दुप्पट होतं, पण त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या फेरीत नायट्रोजनचा स्रोत बदलून पाहिला. तिथे सेल्युलेजच्या बाबतीत अमोनियम सल्फेट हे पेप्टोनच्या (अर्धवट तोडलेल्या प्रथिनांच्या) बरंच मागे पडलं. बुरशी अमोनियम घेते तसा माध्यमाचा सामू (पीएच) घसरतो. काही फ्लास्कमध्ये तो ३ च्याही खाली गेला होता. इतक्या आम्लात सेल्युलेजचं उत्पादन मंदावणारच. मग दोष नायट्रोजनचा की सामूचा? मार्गदर्शकांशी बोलून तेच फ्लास्क सामू स्थिर ठेवणारं बफर घालून पुन्हा लावले. पेप्टोन आणि अमोनियम सल्फेटमधलं अंतर बरंच कमी झालं.