पूसारखा दिसणारा द्रव

शस्त्रक्रिया चालू असताना पाठवलेल्या ऊतीवरचा निर्णय पॅथॉलॉजिस्टला साधारण वीस मिनिटांत द्यावा लागतो. त्या दिवशीचा प्रश्न वरकरणी सरळ होता : अकरा वर्षांपूर्वी बसवलेल्या कृत्रिम खुब्याभोवती जंतुसंसर्ग आहे की नाही? संसर्ग असेल, तर सगळे भाग काढून तिथे प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवावा लागतो आणि रुग्णाला काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. नसेल, तर बिघडलेला भाग बदलून काम त्याच दिवशी संपते.

“मॅडम, आत करड्या-पांढऱ्या रंगाचा घट्ट द्रव भरलाय, पूच दिसतोय,” सर्जन फोनवर म्हणाले. “तुमच्या रिपोर्टमध्येही पांढऱ्या पेशी 9,400 आहेत. फक्त खात्री करून द्या.”

तो रिपोर्ट सात आठवड्यांपूर्वीचा होता आणि त्यावर माझी सही होती. सुईने काढलेल्या सांध्यातल्या द्रवात दर मायक्रोलिटरला 3,000 हून जास्त पांढऱ्या पेशी आढळल्या, तर जुनाट संसर्गाचा संशय घेतात. कल्चरमध्ये, म्हणजे द्रवातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काही वाढले नव्हते, तरीही आमच्या आकड्यामुळे रुग्णाला प्रतिजैविके सुरू झाली होती.

क्रायोस्टॅट या थंड कापयंत्रात ऊती उणे वीस अंशांच्या आसपास गोठवून तिचे पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. चरबीचा भाग त्या थंडीतही मऊच राहतो आणि पात्याखाली चुरगळतो, त्यामुळे नमुन्यातला नेमका कोणता तुकडा कापायचा हे हाताला कळावे लागते, आणि आमच्या तंत्रज्ञाचा हात त्या बाबतीत माझ्यापेक्षा चांगला आहे. संसर्गाची खूण म्हणजे न्यूट्रोफिल, जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी : 400 पट मोठे करून पाहताना निदान पाच क्षेत्रांत प्रत्येकी पाचाहून जास्त. पृष्ठभागावरच्या फायब्रिनमध्ये (रक्त गोठताना होणाऱ्या तंतूंत) अडकलेल्या न्यूट्रोफिल मोजायच्या नसतात, हा नियम घाईत हमखास विसरला जातो. मी दहा क्षेत्रे पाहिली, आणि एकाही क्षेत्रात एकाहून अधिक न्यूट्रोफिल सापडली नाही.

मग ध्रुवीकृत प्रकाशाची गाळणी फिरवली. कृत्रिम खुब्यात मांडीच्या हाडातल्या दांड्याच्या मानेवर गोळा बसवलेला असतो आणि तो वाटीत फिरतो. धातूच्या गोळ्याखाली प्लॅस्टिकची वाटी झिजते, तेव्हा त्या प्लॅस्टिकचे, म्हणजे पॉलिएथिलीनचे, कण मॅक्रोफेज या भक्षक पेशी गिळतात. ते त्यांना पचवता येत नाहीत. त्या पेशींनी सोडलेल्या संदेशांमुळे हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि रोपणाभोवतीचे हाड पोखरले जाते. त्यातले मोठे कण या प्रकाशात पांढरे चमकतात, आणि मला ती चमक अपेक्षित होती. पण क्षेत्र जवळजवळ काळेच राहिले. गाळणी काढल्यावर दिसले ते वेगळेच : पेशींच्या कडा पुसून गेलेला मृत गुलाबी पट्टा, रक्तवाहिन्यांभोवती कड्यासारख्या जमलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) आणि तपकिरी-काळ्या कणांनी भरलेल्या मॅक्रोफेज. धातूची वाटी धातूच्या गोळ्यावर घासते अशा खुब्यांत मी हे चित्र पाहिले होते. या रुग्णाच्या फॉर्मवर मात्र ‘धातूचा गोळा, प्लॅस्टिकची वाटी’ असे स्पष्ट लिहिलेले होते.

मी फोन केला. “संसर्ग दिसत नाही. गोळा दांड्याच्या मानेवरून काढा आणि त्याची आतली बाजू बघा.” पलीकडे बराच वेळ नुसता उपकरणांचा आवाज येत होता, आणि मग सर्जन म्हणाले, “काळं आहे, मॅडम. सगळं काळं आहे.”

तो गोळा मी नंतर मागून घेतला. काढलेले रोपण भंगार समजून टाकून देण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. अर्धे उत्तर त्यातच असते. बाहेरून तो आरशासारखा होता, त्यावर एक ओरखडा नव्हता. आतल्या निमुळत्या भोकात मात्र काजळीसारखा थर होता, आणि तो पुसल्यावर खाली मानेवरच्या बारीक आट्यांचे ठसे धातूत उमटलेले दिसले. गोळा कोबाल्ट-क्रोमचा होता आणि दांडा टायटॅनियमचा. दोन्ही धातूंचे रक्षण काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर करतो. प्रत्येक पावलागणिक त्या जोडात होणारी सूक्ष्म हालचाल तो थर खरवडते, फटीतला द्रव प्राणवायूविना आम्लधर्मी होत जातो, कोबाल्ट विरघळून रक्तात उतरतो आणि क्रोमियमचे क्षार मागे काळे साचतात.

आधुनिक कृत्रिम खुबा घडवणारे इंग्रज सर्जन जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या झपाट्याने झिजल्या, आणि 1962 पासून ते पॉलिएथिलीनकडे वळले. दोन्ही पदार्थांची भुकटी त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली होती, कारण त्या पदार्थाचा अखंड तुकडा आणि त्याचीच भुकटी यांना शरीर एकसारखे वागवत नाही. त्यांचा गोळा जेमतेम 22 मिलिमीटरचा होता. पुढे रेणूंमध्ये दाट जोडबंध असलेले, फारच कमी झिजणारे पॉलिएथिलीन आले. त्यामुळे वाटी पातळ करून 36 मिलिमीटरचे किंवा त्याहून मोठे गोळे बसवता येऊ लागले, आणि खुबा निखळण्याचे प्रमाण घटले. पण गोळा जितका मोठा तितका मानेवरच्या जोडावर पिळाचा ताण जास्त. या रुग्णाची वाटी अकरा वर्षांनंतरही उत्तम होती. आम्ही सगळे तिच्यावरच डोळा ठेवून बसलो होतो.

आता 9,400 बद्दल. आमचे यंत्र ठरावीक आकाराचा जो कण समोरून जाईल तो पेशी म्हणून मोजते. मृत पेशींचे तुकडे, फायब्रिन, धातूचा गाळ, काहीही. गंजलेल्या जोडाच्या द्रवात हा आकडा फसवा असतो आणि काचपट्टी डोळ्यांनी वाचावी लागते, हे मला ठाऊक होते. पण फॉर्मवर प्लॅस्टिकची वाटी होती, म्हणून मी वाचली नाही. त्या संध्याकाळी जुनी काचपट्टी काढून पाहिली : गाळ, कणांनी भरलेल्या मॅक्रोफेज, आणि न्यूट्रोफिल बोटांवर मोजण्याइतक्या. मी सुधारित रिपोर्ट काढला आणि तो घेऊन स्वतः रुग्णाकडे गेले. आता कृत्रिम सांध्यातल्या कोणत्याही द्रवाचा आकडा काचपट्टी वाचल्याशिवाय आमच्याकडून बाहेर जात नाही. उशीर होतो म्हणून तक्रारी येतात, आणि त्या मी ऐकून घेत नाही.

दांडा हाडात घट्ट होता, म्हणून तो तसाच ठेवून त्यावर टायटॅनियमच्या बाहीसह सिरॅमिकचा गोळा बसवला. रक्तातले कोबाल्ट क्रोमियमच्या कितीतरी पुढे होते, तेही नंतर उतरले. पण खुब्याबाहेरच्या ज्या स्नायूने चालताना कंबर सावरायची, त्याचा बराच भाग मेलेला निघाला आणि रुग्ण अजून लंगडतो. त्यातला किती भाग अकरा वर्षांत गेला आणि किती माझ्या सहीनंतरच्या सात आठवड्यांत, हे मी त्याच ऊतीच्या कापांत पुन्हा पुन्हा शोधते. पण मेलेली ऊती कधी मेली, हे कापावरून सांगता येत नाही.