वीस पडले, तरी तो पडलाच

भांडण एका उडीवरून झालं. रविवारी आमच्या सांगलीच्या घरी, माळ्यावर, आम्ही चौघं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि शिव्या खाणारी. मावसभावाचा योद्धा 30 फुटी खिंडीवरून उडी मारायला निघाला. मी म्हटलं, टाक वीस बाजूंचा फासा. पठ्ठ्याने 20 पाडले! तो नाचायला लागला आणि मी नियम काढला. आम्ही 2014 चे नियम वापरतो. त्यात 20 पडले की हमखास यश, हे फक्त वार करताना. लांब उडी धावत येऊन मारली तरी जेवढं बळ तेवढेच फूट, आणि याचं बळ 14. खाली 60 फुटांची दरी, म्हणजे सहा बाजूंचे सहा फासे टाकून जेवढे पडतील तेवढी इजा. योद्धा गेला. पुढचे दोन रविवार भाऊही आला नाही.

माझं चुकलं का, हे विचारायचं कुणाला? पतपेढीत शेजारच्या टेबलावर विषय काढला तर ‘म्हणजे सापशिडीच ना?’ असं उत्तर आलं.

मग शोधाशोध. एका जुन्या चर्चेचा दुवा सापडला तो गूगल प्लसचा. ते एप्रिल 2019 मध्ये बंद झालं आणि या खेळातल्या कितीतरी जुन्या मंडळींच्या गप्पा त्याच्याबरोबर गेल्या. वाडा पाडल्यावर नुसता दिंडी दरवाजा उभा असावा, तसे ते दुवे. आरपीजी स्टॅक एक्स्चेंजवर नियमाचं चोख उत्तर मिळतं, पण तिथे गप्पा चालत नाहीत. तलाठी कार्यालयासारखं आहे ते. काम सांगा, उतारा घ्या, सरका. रेडिटवर माणसं भरपूर, पण कुठलाही प्रश्न टाका, दोघं-तिघं तरी ‘हा खेळ सोडा, तो घ्या’ म्हणतातच. (काही वेळा त्यांचं बरोबर असतं. सांगणार नाही त्यांना.) डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या एका भल्यामोठ्या गटात तर माझा प्रश्न अर्ध्या मिनिटात वर वाहून गेला.

उत्तर मिळालं ते तिशी-चाळिशीतल्या माणसांच्या एका लहानशा डिस्कॉर्डवर. मी उडी, बळ, दरी सगळं सविस्तर लिहिलं. नियम कुणी काढलाच नाही. एकाने एवढंच विचारलं, ‘जे होणारच नव्हतं, त्याला फासा टाकायला का दिलास?’

झोंबलं. फासा हातात देणं म्हणजे ‘जमू शकेल’ असं सांगणं, आणि ते मीच सांगितलं होतं. त्याच रात्री भावाला फोन केला.

त्या डिस्कॉर्डवर मी टिकले. आता त्यांच्यातल्या एका गटात खेळतेसुद्धा. गट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्यांचे मंगळवारी रात्रीचे 8 म्हणजे माझे बुधवारी पहाटेचे 5:30. नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली, हे माझ्या गावीही नव्हतं. चहा घेऊन, कानाला हेडफोन लावून रिकाम्या खोलीत तासभर बसून राहिले. आई दारातून म्हणाली, ‘गॉब्लिन मारायला पहाटे उठतेस, काकडआरतीला कधी उठली नाहीस.’

सध्या वेगळाच उद्योग चालू आहे. जानेवारी 2023 मध्ये या खेळाचे नियम वापरायच्या परवान्यावरून खेळाडूंनी मोठा गदारोळ केला. तेव्हा खेळ काढणाऱ्या कंपनीने मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. श्रेय दिलं की भाषांतर करायला मोकळीक. भावाला इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून मी लागेल तसं मराठीत उतरवते. हिट पॉइंट्सला, म्हणजे पात्र किती मार सोसेल त्या आकड्याला, ‘जीव’ लगेच सुचलं. सेव्हिंग थ्रोपाशी, म्हणजे विष-जादूतून वाचायला टाकायच्या फाशापाशी, अडले. ‘बचाव फेक’ म्हटलं की क्रिकेट वाटतं. त्याच डिस्कॉर्डवर कॅनडात राहणारी एक मराठी मुलगी निघाली. तिने लिहिलं, ‘निभाव’. विष चढतंय, निभाव टाक. निभाव लागला!

गेल्या रविवारी भाऊ नवा योद्धा घेऊन त्याच खिंडीपाशी पोचला. फासा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली ठेवला.

‘ताई, आधी सांग. फासा आहे, का नुसता कडेलोट?’