आमची वाटचाल : सिगारच्या हिशेबातलं पहिलं कलम

आमचा कारखाना लहान आहे आणि तो लहानच ठेवायचा, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. हाताने वळलेल्या सिगारचं काम वाढवायचं तर आधी वळणारे हात तयार व्हावे लागतात, आणि त्याला वर्षं जातात. मोठ्या मागण्या आल्या तेव्हाही आम्ही हा क्रम मोडला नाही. प्रत्येक विक्रीतून तंबाखूच्या शेतांवरच्या लोकांसाठी देणगी काढायची, हे मात्र पुढे ठरलं; हिशेबातलं पहिलं कलम ते हेच.

पहिला काळ गेला तो पान ओळखण्यात. एकाच रोपाची पानं खालून वर वेगवेगळ्या गुणांची असतात. तळाचं व्होलाडो चांगलं जळतं, मधलं सेको सुगंध देतं, शेंड्याकडचं लिगेरो ऊन खाऊन जाड आणि कडक झालेलं असतं. लिगेरो सावकाश जळतं, म्हणून त्याची जागा कायम गाभ्याच्या मधोमध. कडेला सरकलं की सिगार एकाच बाजूने जळत जाते. आमच्या गाभ्यात निकाराग्वातलं एस्तेलीचं कडक पान आणि हालापाचं त्याहून मवाळ पान असतं. बाहेरचं आवरण कनेक्टिकट जातीचं. हे पान कापडाच्या सावलीखाली वाढवतात, त्यामुळे ते पातळ राहतं आणि शिरा बारीक येतात.

पण पानाचा खरा कस लागतो मुरवणीत. ओलसर पानांची रास रचली की आत उष्णता चढते आणि अमोनिया बाहेर पडू लागतो. उष्णता ठरलेल्या मर्यादेला पोचली की रास मोडायची, बाहेरची पानं आत आणि आतली बाहेर करून पुन्हा रचायची. असं कित्येकदा. उग्र वास पुरता गेल्याशिवाय आम्ही पान बाकावर येऊ देत नाही.

बाकावर लागतात एक फळी, चवेता नावाचं बाकदार पातं आणि थोडा डिंक. वळणारा पानांच्या चुण्या पाडून ती मुठीत धरतो, म्हणजे मधून हवेला वाट राहते. मूठ जास्त आवळली तर झुरका येत नाही, सैल राहिली तर सिगार तापते आणि चव करपते. ५० रिंगची सिगार म्हणजे जाडी इंचाच्या ५०/६४, जेमतेम २० मिलिमीटर. एवढ्याशा जागेत पाच-सहा वेगळी पानं नेमकी बसवणाऱ्याला मी कलावंतच मानतो.

देणगीचा विचार पक्का झाला तो शेतांवर. पहाटे दवाने भिजलेली तंबाखू तोडली की पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. मळमळ, उलट्या, चक्कर. शेतावरच्या लोकांना हे नवीन नाही; आम्हाला मात्र ते जवळून पाहिल्यावर स्वस्थ बसवेना. तेव्हापासून प्रत्येक विक्रीतला ठरावीक हिस्सा नफा काढण्याआधीच बाजूला पडतो. हातमोजे, पाणी न झिरपणारे कपडे, गावातला दवाखाना आणि मुलांच्या शाळेचा खर्च, यांवरच तो जातो. नफ्यातून द्यायचं ठरवलं असतं तर वाईट वर्षात पहिली कात्री तिथेच लागली असती.

या धंद्यात अशी वाट आधीच पडलेली आहे. फुएन्ते आणि न्यूमन या सिगारवाल्या घराण्यांनी २००१ मध्ये धर्मादाय संस्था काढून डोमिनिकन प्रजासत्ताकात शिक्षणाचं काम उभं केलं. त्याहून जुनी गोष्ट मला जास्त भावते. १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांत काम चालू असताना वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक असे, आणि त्याचा पगार कामगार आपल्या कमाईतून देत. आमच्याकडेही दुपारी वाचन चालतं. वाचकाचा पगार कारखाना देतो, काय वाचायचं ते बाकावरचे कामगार ठरवतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तंबाखूने कर्करोग होतो, आणि धूर छातीत न घेताही सिगार ओढणाऱ्याला तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. देणगीने हा धोका तसूभरही कमी होत नाही. म्हणून खोक्यावर देणगीचा उल्लेख नाही, शाळेवर आमची पाटी नाही, मुलांचे फोटो नाहीत. ज्या गावांत पैसा जातो त्यांची नावं मी इथेही देत नाही. तंबाखू कंपन्यांनी दानधर्माची जाहिरात करू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आम्हाला पटलेली आहे.

आता खरेदीच्या करारातही एक अट घातली आहे : अठरा वर्षांखालच्या कोणाचाही हात हिरव्या पानाला लागता कामा नये. अट पाळणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही जास्त भाव देतो, कारण तोडणीला मोठी माणसं लावायची तर मजुरी वाढते, आणि तो भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणं आम्हाला मान्य नाही.