हो, सबसिडी भेटली. मिल पण चालू आहे

आमच्या डाळ मिलला सबसिडी भेटली का, असं सगळे जे विचारतात ते आधीच सांगून टाकते. हो, आम्हाला सबसिडी भेटली. 8 लाख 75 हजार. पीएमईजीपीमधून, म्हणजे छोटा धंदा उभा करायला कर्जावर सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, 2017 ला 25 लाखाचा प्रोजेक्ट मंजूर झाला, खेड्यातलं युनिट आन बाईच्या नावावर म्हणून 35 टक्के, ओपनमधल्या गड्याच्या नावावर असतं तर 25 च. आता गावात या आकड्याचे आधी दहा लाख झाले, मग पंधरा झाले आन शेवटी "सरकारनं मिल बांधून दिली" इथपर्यंत गोष्ट गेली, म्हणून म्हटलं वाटचाल लिहायचीच तर इथूनच लिहावी.

आमची तुरीची डाळ मिल आहे, औसा तालुक्यात. लातूरच्या मोठ्या मिलांपुढं आम्ही कुणीच नाही. पण आजूबाजूच्या गावातले शेतकरी तूर घेऊन येतात, काही विकतात, काही घरच्यापुरती भरडून नेतात. लोकांना वाटतं मशीनमध्ये तूर टाकली की डाळ पडती. तसं नसतं ओ. आधी चाळायची, रोलमधून काढून टरफलाला ओरखडे पाडायचे, मग तेलाचा हात लावून रात्रभर ढीग ठेवायचा, मग ओट्यावर उन्हात वाळवायची, पाणी मारायचं, परत वाळवायची, तवा कुठं टरफल सुटतं आन दाणा फुटतो. यात दोनचार दिवस जातात आन मधेच आभाळ आलं की सगळे ताडपत्री घेऊन पळतात, हिशोब लिहिणारी मी पण. 100 किलो तुरीत 70-72 किलो डाळ उतरली तर बरं, बाकी चुनी, म्हणजे डाळीचा तुकडा-भुगा, आन टरफल, ते जनावरांच्या खुराकाला जातं. खरं सांगायचं तर कित्येकदा डाळीत खर्च निघतो आन चुनीत नफा.

तर सबसिडी. हिचं नाव कागदावर मार्जिन मनी. ही हातात येत नाही. बँक आधी पूर्ण कर्ज देती, मग सबसिडी येऊन बँकेतच टीडीआर म्हणजे मुदत ठेव म्हणून तीन वर्षं पडून राहते, तिला व्याज नाही आन तेवढ्या कर्जाला पण व्याज नाही. तीन वर्षं युनिट चाललं, कुणी येऊन बघून गेलं, तर ती कर्जात वळती होते. म्हणजे चौथ्या वर्षी कर्ज कमी होतं, त्याच्या आधी चहापुरता पण रुपया त्यातून आपल्या खिशात येत नाही. आमच्या चुलत सासऱ्यांना मी हे कितीतरी वेळा सांगितलं. ते सगळं ऐकून घेतात, मान डोलवतात आन म्हणतात, "ते बराबर आहे सूनबाई, पण नऊ लाखाचं काय केलात?"

पण मला त्यांचा राग येत नाही, कारण लोकं उगीच म्हणत नाहीत. रस्त्यानं जाताना बघा की, शेड आहे, अमुक योजनेअंतर्गत म्हणून बोर्ड आहे, आन आत कडबा. एमआयडीसीत प्लॉट घेऊन वर्षानुवर्षं नुसतं कुंपण, जागेचा भाव वाढायची वाट बघायची. 2016 ला औरंगाबादला कॅबिनेट बैठक झाली, 2023 ला परत झाली, दोन्ही वेळेला मराठवाड्याला हजारो कोटींचं पॅकेज, आन आमच्या हाटेलावर लोकं विचारतात आपल्या वाट्याला काय आलं. लातूरच्या रेल्वे डब्याच्या कारखान्याचं 2018 ला भूमिपूजन झालं, 2020 च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, पेपरात फोटो आले, आन नंतर आयटीआय झालेली पोरं वाट बघतच बसली. 2023 ला वंदे भारतच्या डब्यांचं काम तिथं करायचं ठरलं, चांगलंच आहे. पण इतकं बघितल्यावर माणूस आमच्या बोर्डाकडं पण तिरकं बघणारच. दुसरी बाजू पण आहे, 1985 ला औरंगाबादजवळ वाळूजला बजाज कंपनी आली, तिच्या मागं छोट्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचं गावच उभं राहिलं, तिथं कुणी विचारत नाही सवलत किती घेतली. कारण काम दिसतं.

आन फाईलच्या धंद्यातला खरा घोळ कुठं असतो ते पण सांगते. सबसिडी प्रोजेक्टच्या किमतीवर, म्हणून किंमत फुगवायची. एक मशीनवाला आमच्याकडं आला होता, म्हणला ताई कोटेशन वाढवून देतो, वरचा फरक आपण वाटून घेऊ. आम्ही नाही म्हटलं, त्यात साधुपणा काही नव्हता. फुगवलेल्या रकमेवर 35 टक्के सरकारचे, पण बाकीचं कर्ज आमच्याच बोकांडी ना, आन हप्ता डाळ विकूनच भरायचा. ज्यांना मिल चालवायचीच नाही त्यांना हा हिशोब लागत नाही, बस एवढाच फरक आहे, कडबा भरलेली शेडं अशीच तयार होतात.

धंद्याला मार बसतो तो भलतीकडूनच. 2017 च्या सुरुवातीला तूर एवढी आली की 5050 हमीभाव असून मोंढ्यात त्याच्या खाली चालली होती, खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून लोकं ट्रॅक्टर लावून झोपायलेत. समोर स्वस्त तूर आन आमची फाईल बँकेत. मिल चालू झाल्यावर कळलं की योजना मशीनला पैसा देती, पण तूर सीझनला रोखीनं घ्यावी लागते आन डाळीची उधारी किराणावाला त्याच्या सवडीनं देतो, मधल्या काळात बँकेची सीसी लिमिट, म्हणजे फिरत्या भांडवलाची उचल, पुरत नाही. मग 2021 ला तुरीची आयात खुली, 2023 च्या जूनमध्ये स्टॉक लिमिट, म्हणजे ठराविक मापापेक्षा जास्त तूर-डाळ ठेवायची नाही, सरकारी पोर्टलवर साठा भरा. आयातीच्या एका बातमीनं भाव जेवढा हलतो तेवढ्यात आमच्या सीझनची कमाई जाऊ शकते. बरं जीएसटीचा परतावा देणाऱ्या ज्या मोठ्या सवलती असतात त्या आमच्या काय कामाच्या, सुट्या डाळीवर जीएसटीच नाही, 2022 च्या जुलैपासून लेबल लावून पॅक केली की 5 टक्के, त्यामुळं गिऱ्हाईकच म्हणतं ताई सुटीच द्या.

राहिलं नावाचं. बायकोच्या नावावर काढून गडी चालवतात, हे पण लोकं म्हणतात आन पुष्कळ ठिकाणी खरं आहे. आमच्याकडं खरेदी आन उधारी मी बघते, मशीन आन ड्रायव्हरशी भांडणं आमचे हे बघतात. तरी आडत्या गेटवर येऊन मलाच म्हणतो, "मालकाला बोलवा." पहिल्या वर्षी मी बोलवायचे. आता मुठीत तूर घेऊन दाताखाली फोडते, ओल किती ते सांगते आन भावातून तेवढे पैसे कापते, मग मालक कोण ते आपोआप कळतं.

सबसिडी वळती झाली, उशिराच, मधे कोरोनामुळं तपासणीवालेच आले नाहीत. आता पहिलं कर्ज फिटलंय, म्हणून डाळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स मशीनसाठी दुसऱ्या कर्जाची फाईल टाकली आहे, याला 15 टक्के सबसिडी मिळते. मंजुरीच्या आधी मशीन घेतलं तर सबसिडी जाते, म्हणून ह्या सीझनला पण निवडायला बायाच आहेत आन त्यांची मजुरी चालू आहे. गावात परत आकडे चालू झालेत, ह्यावेळी वीस लाखावर आहेत असं कानावर आलं. ज्याला हिशोब बघायचा त्यानं मिलवर यावं, वह्या दाखवते, फक्त ऊन असलेल्या दिवशी सकाळी येऊ नका, तवा ओट्यावर तूर पसरायची गडबड असते.