सहाण

तीन वर्षं आमच्या देवघराचं दार बंद होतं. हे गेले त्या दिवशी मीच ते लावलं. बावीस दिवस हे आयसीयूत होते, मी रोज सकाळी सारसबागेत गणपतीसमोर उभी राहून मग हॉस्पिटल गाठायची, आणि तेविसाव्या दिवशी सगळं संपलं. देवाशी भांडण होतं असंही नाही, भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं ना, मला तिथं कुणी आहे असंच वाटेनासं झालं होतं.

मग गेल्या मार्गशीर्षात लेक बाळंतपणाला माझ्याकडे कोथरूडला आली आणि नात झाली. डॉक्टर म्हणाले एवढ्याशा बाळाला जेमतेम 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर आपलं तोंड असतं ना तेवढंच. मी तासन् तास तशीच बसायची मग, तिच्या नजरेच्या टप्प्यात.

बाराव्या दिवशी मी गुटीची तयारी केली. मंडईजवळून वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ सगळं आणलं, पण सहाण होती देवघरात, ह्यांची गंधाची, म्हणून ते दार उघडावं लागलं. देवांवर ही एवढी धूळ. तिकडे न बघता सहाण उचलली, धुतली, ओटा पुसून मांडली, तर लेक म्हणाली, आई सहा महिने फक्त अंगावरचं दूध, गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही, डॉक्टरांनी बजावलंय. मला लागलं थोडं. तिचंच बरोबर होतं, हे आता पटतं, पण तेव्हा त्या ओल्या सहाणेकडे बघत मी नुसती उभी राहिले.

आणि काय झालं कोण जाणे, आत जाऊन चंदनाचं खोड घेतलं आणि उगाळायला लागले. हे रोज उगाळायचे, खर्र खर्र आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा, तोच आवाज आता माझ्या हातातून येत होता. आतल्या खोलीत बाळ रडत होतं ते गप्प झालं. झोप लागली असेल, दूध मिळालं असेल, मला नाही माहीत. मी एकेक देव घासून पुसून ठेवला, गंध लावलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडले.

तिथनं रोजची पूजा सुरू झाली. दीड महिन्याची असताना ती माझ्याकडे बघून हसली, झोपेतलं नाही, चांगलं ओळखून हसली, त्या दिवशी देवापुढं मी काहीच मागितलं नाही, नुसते हात जोडले. ज्येष्ठात माउलींची पालखी आली तेव्हा फर्ग्युसन रस्त्यावर तिला कडेवर घेऊन उभी होते, टाळ ऐकून ती अंग झोकून द्यायला लागली, एका वारकरी मावशींनी तिच्या कपाळाला बुक्का लावला आणि माझ्याही. हे असते तर, हा विचार आला, पण पूर्वीसारखा टोचला नाही.

आता ती रांगते. खर्र खर्र ऐकू आलं की जिथं असेल तिथनं देवघराकडे येते. माझ्या आईनं लग्नात दिलेला पितळी बाळकृष्ण आहे, तोही रांगताच, काल तिनं तो तबकातून उचलून घट्ट मुठीत धरला आणि काही केल्या सोडेना, मग तशीच तिला मांडीवर घेतली, तिच्या मुठीतल्या कृष्णाला गंध लावलं आणि आरती केली.